सहावा विषय

७ जुलै, सोमवार

पाली नको म्हणून सांगून आले! आवाज जरा चढलाच माझा. मागच्या रांगेतली सगळी माझ्याकडं बघायला लागली.

झालं असं — अकरावी सायन्सला पाच विषय ठरलेलेच. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. सहावा आपला आपण निवडायचा. मराठी, हिंदी, पाली, भूगोल, नाहीतर आयटी. निवडायचा म्हणे! कॉलेजच्या खिडकीत बाळासो म्हणून क्लार्क बसतात. त्यांनी माझा फॉर्म घेतला, नाव वाचलं आणि मला काही न विचारता सहाव्या रकान्यात लिहून मोकळे. पाली.

मी म्हटलं, मी अजून काही सांगितलंच नाही. तर म्हणाले, "कांबळे न्हवं तू? तुमची पोरं पालीच घेत्यात की. मार्क बी पडत्यात."

वाईट बोलले असंही नाही. उलट माझा वेळ वाचवल्यासारखं हसले. पण माझ्या डोक्यात काहीतरी गेलं. मी ते खोडायला लावलं. आयटी लिहायला लावलं. त्यांनी खोडलं, पण तोंड वाकडं करून.

माझ्या मागं माझी मैत्रीण शांभवी होती. तिचा फॉर्म घेतला आणि म्हणाले, "बोल बाळ, काय लिहू?"

तिला विचारलं! एवढंच लिहायला आज वही उघडली.

८ जुलै

आईला सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. तिच्या "बरं"चे दहा अर्थ असतात. हा कुठला ते मला पक्कं माहीत आहे.

आई रोज संध्याकाळी दिवा लावून पालीतली बुद्धवंदना म्हणते. सगळी तोंडपाठ. तिच्या आईकडून आलेली. अर्थ मात्र निम्माच कळतो, असं ती स्वतःच सांगते. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी सहज म्हणाली होती, "तू पाली घेतलीस तर मला एकेक ओळ सोडवून सांगशील की." मी तेव्हा हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं.

१० जुलै

पप्पांना विषय बदलल्याचं आवडलं. कंप्युटर कधी पण चांगला, म्हणाले. त्यांना वाटतं आयटी म्हणजे थेट नोकरीच.

पप्पा शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. मालक म्हणजे शांभवीचे वडील, सोमशेखरकाका. मोठी फौंड्री नाही, पण त्यांची स्वतःची. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर. त्यांचा बंगला बावड्यातच, नवीन प्लॉटकडं. आमची गल्ली इकडं, साखर कारखान्याच्या बाजूला. शांभवी शाळा सुटली की आमच्याकडंच यायची — तिची आई दुकान बघते, घरी कोण नसायचं. आईच्या हातची आमटी आणि भात खाऊन संध्याकाळी जायची. पप्पा घरी तिला "शांभवी" म्हणतात, शिरोलीत विषय निघाला की "मालकांची पोरगी".

शांभवीनं पण त्या दिवशी आयटीच लिहायला सांगितलं. म्हणजे सगळे तास एकत्र. पुन्हा एकच बाक.

१४ जुलै, सोमवार

कॉलेज सुरू. केएमटीच्या बसमध्ये उभं राहून आलो. बाक मिळाला तिसरा. आयटीची लॅब थंड आहे आणि निम्मे कंप्युटर बंद. सरांनी सांगितलं, परीक्षा ऑनलाइन असते, थोडं पाठ केलं तरी मार्क पडतात, काळजी करू नका. सगळी खूश.

शांभवी म्हणाली, मग आपण इथं शिकायचं काय?

१६ जुलै

आज घरी पालीच्या मॅडम आल्या. विशाखा मॅडम. भिजत आल्या होत्या, साडीची कड चिखलानं भरलेली. आईनं टॉवेल दिला, चहा ठेवला.

त्या आमच्याच कॉलेजात शिकवतात, पण पर्मनंट नाहीत. तासावर आहेत. वर्गात वीस तरी मुलं पाहिजेत असं प्राचार्यांनी सांगितलंय, नाहीतर यंदा पाली बंद. आत्तापर्यंत सोळा झालेत. म्हणून घरोघर फिरतायत. पाली बंद म्हणजे मॅडमचं पण कॉलेज बंद, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आईनं त्या गेल्यावर सांगितलं.

आई माझ्याकडं बघेना. मुद्दाम बघेना.

मला कसंतरी झालं. मी विचारलं, मॅडम, आज तुम्ही कुठं कुठं जाऊन आलात? त्यांनी सांगितलं — आमची गल्ली, मग पलीकडची वस्ती, मग सदर बाजारकडं दोन-तीन घरं.

मी म्हटलं, "म्हणजे सगळी आमचीच घरं. बाकी कुणाकडं का नाही गेलात?"

आईनं "निशा" म्हणून दटावलं. मॅडमनी कप खाली ठेवला.  मग म्हणाल्या, "जिथं दार उघडतं तिथं जाते मी. सोपं पडतं. पण तुझं बरोबर आहे."

आणि उठल्या. चहा निम्मा राहिला.

१७ जुलै

दिवसभर तो निम्मा कप डोळ्यांपुढं. मी खोटं बोलले नव्हते. तरी पण.

१८ जुलै, शुक्रवार

मॅडम आज आमच्या वर्गात आल्या. फिजिक्सच्या सरांकडून दहा मिनिटं मागून घेतली. म्हणाल्या, मला कुणीतरी विचारलं की तुम्ही सगळ्यांना का विचारत नाही. म्हणून सगळ्यांना विचारायला आलेय. माझ्याकडं बघितलं नाही. नाव घेतलं नाही.

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — पाली. तेवढ्यात मागून राजवीर म्हणाला, "मॅडम, पाली शिकवायला फळा नको, भिंत लागंल. ट्यूबलाइटजवळची."

सगळा वर्ग हसला. आणि मी हसले.

मीही हसले! खोटं कशाला लिहू. आधी हसू आलं, मग कळलं काय ते. मॅडमनी माझ्याकडं बघितलं की नाही ते मला माहीत नाही, कारण मी मान खाली घातली होती.

मॅडम चिडल्या नाहीत. "त्या पालींना पण शिकवीन, बसल्या शांत तर," म्हणाल्या. मग फळ्यावर शब्द लिहिले. हत्थ. सत्त. अट्ठ. अज्ज. ओळखा म्हणाल्या. पोरं ओरडायला लागली — हात! सात! आठ! आज! राजवीरनंच सगळ्यात आधी ओळखले. मग लिहिलं, कण्ण. शांभवी उठून म्हणाली, डोळा. सगळे परत हसले. मॅडम म्हणाल्या, नाही, कान. पण तू डोळा कुठून आणलास? शांभवी म्हणाली, आमच्या घरी अज्जी कन्नड बोलते, कन्नडमध्ये कण्णु म्हणजे डोळा.

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. कन्नड वेगळ्या घरातली भाषा, पाली वेगळ्या घरातली, तरी शब्द एकमेकांच्या दारात कसे उभे असतात, असं काहीतरी सांगायला लागल्या, पण दहा मिनिटं संपली. सर दारात खोकत होते.

परत येताना बसमध्ये शांभवीनं विचारलं, "तू का हसलीस?"

मी म्हटलं, सगळे हसले.

"मी न्हाई हसलो," म्हणाली. ती असंच बोलते, घेतलो-गेलो, पोरांसारखं. मग बावड्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

२० जुलै

आईला हसल्याचं सांगितलं नाही. कुणाला सांगू?

२१ जुलै, सोमवार

शांभवी आज आयटीच्या तासाला आली नाही. मला वाटलं कँटीनला गेली. तास संपल्यावर जिन्यात भेटली, हातात नवी वही. म्हणाली, मी पाली घेतलो.

मी तिथंच उभी राहिले. मला न सांगता! पाचवीपासून आम्ही पेनसुद्धा एकमेकींना विचारून घेतलेत. तिला म्हटलं, सांगायचं तरी. तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

म्हणाली असते. खरंच आहे.

का घेतलंस विचारलं. तिचं म्हणणं, काकू रोज वंदना म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलोय, मला निम्मं पाठ आहे, त्यात काय असतं ते मला बघायचंय. आणि आयटीत शिकण्यासारखं काही नाही, नुसते मार्क आहेत. एवढं सोपं! जसं काही हवी ती भाजी उचलली.

घरी आल्यावर राग येत राहिला. तिच्यावर की कुणावर, कळेना. तिनं घेतलं की आवड. मी घेतलं की जात. तिला कुणी म्हणणार नाही, तुमची पोरं हेच घेतात की. आठवीत सर वर्गात म्हणायचे, सवलतीवाले उभे राहा, आणि आम्ही पाच-सहा जण उभे राहायचो. शांभवी तेव्हा खाली बसून माझ्या दप्तराचा पट्टा धरून ठेवायची. का धरायची, मी कधी विचारलं नाही.

आता ती माझ्या जागेवर बसलीय आणि मी तिच्या. असं वाटलं. चुकीचं असेल. पण वाटलं.

२३ जुलै

नदीचं पाणी वाढलंय. राजाराम बंधारा बुडाला. कॉलेजला सुट्टी. पप्पा लांबच्या रस्त्यानं शिरोलीला गेले.

आईला शांभवीचं सांगितलं. आई हातातलं काम सोडून हसली. खूप दिवसांनी एवढी हसली. "गुणी पोरगी हाय," म्हणाली. मग माझ्याकडं बघून हसू आवरलं. ते आवरलेलं मला जास्त लागलं.

म्हटलं, तुला वाईट वाटलं ना मी नाही घेतलं म्हणून? आई म्हणाली, "वाटलं. पण माझ्यासाठी घिऊ नको. माझ्यासाठी घेतलीस की वर्षभर माझ्यावर चिडशील."

२६ जुलै, शनिवार

आज झालं ते सगळं नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी सोमशेखरकाका घरी आले. पहिल्यांदाच. एवढ्या वर्षांत गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची, शांभवी उतरायची किंवा चढायची, बस. आज स्वतः चालत आत आले. पप्पा बनियनवर होते, घाईघाईनं शर्ट घातला, बटणं वरखाली लागली. आईनं खुर्ची पुसली.

काका चांगलेच बोलत होते. आईच्या गुडघ्याची चौकशी केली. चहा घेतला, सगळा घेतला. माझे दहावीचे मार्क त्यांना पाठ होते. मग म्हणाले, शांभवीनं काय केलंय ते ठाऊक असंल तुम्हाला. पप्पांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं! पप्पा माझ्याकडं बघायला लागले.

काकांचं म्हणणं — पोरीला इंजिनिअरिंगला घालायचं, आयटी सोडून ही भाषा घेऊन उपयोग काय. ऐकत नाही. जेवण टाकून बसलीय. तुमची निशा सांगंल तर ऐकंल. त्यांना वाटतंय मीच तिच्या डोक्यात घातलं. मी म्हटलं, काका, मी तर स्वतःच पाली नको म्हटलंय. त्यांना ते खरं वाटलं नाही, असं दिसलं.

मग ते वाक्य. आवाज चढवून नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं. "पाव्हण्यारावळ्यांनी विचारलं तर काय सांगू, गणपतराव? आमच्यात कोण घेत न्हाई ते. तुमच्यात ठीक हाय."

आई रिकामे कप घेऊन आत गेली. आत भांड्यांचा आवाज आला नाही. नुसती उभी असणार.

पप्पा म्हणाले, "बघतो, मालक."

२७ जुलै

सकाळी स्वयंपाकघरातून ऐकू आलं. आई म्हणत होती, "बघतो म्हणालासा? काय बघणार?"

पप्पा म्हणाले, "मग काय म्हणू? त्यांच्या भट्टीम्होरं उभा राहतोय मी रोज. अठरा वर्षांचा असल्यापासनं."

  न्याहारी झाली, ते निघून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्यांनी एक शब्द विचारला नाही की सांगितला नाही. त्यानं जास्त भीती वाटली. गेल्या वर्षी काकांनी दोघांना कमी केलं, तेव्हा पप्पा असेच गप्प गप्प असायचे.

उद्या बोलते तिच्याशी.

२८ जुलै, सोमवार

बोलले.

कॉलेज सुटल्यावर बसथांब्यावर. पाऊस नव्हता, पण छत्री उघडीच ठेवली होती मी, उगाच. तिला म्हटलं, तू परत आयटीत जा. ती हसली, तिला चेष्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं. तिचे वडील आले, चहा घेतला, काय म्हणाले. "आमच्यात-तुमच्यात" पण सांगितलं. ते सांगायला नको होतं. तिचा चेहरा एकदम उतरला.

म्हणाली, आमच्या पप्पांनी काम काढून घेतो असं म्हटलंय का? मी म्हटलं, म्हणायला कशाला पाहिजे. म्हणाली, तुझे पप्पा म्हणाले का मला सांग म्हणून? मी म्हटलं, ते पण म्हणायला कशाला पाहिजे.

बस आली, आम्ही चढलो नाही. बस निघून गेली. मग शांभवी वळली आणि परत कॉलेजकडं चालायला लागली. मी मागं गेले. खिडकी बंद होत होती. बाळासोंना तिनं सांगितलं, पाली काढा. ते म्हणाले, आठ दिवसांत दोनदा? खेळ लावलाय का? तिनं हात पुढं करून फॉर्म घेतला. सही केली, बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता रिक्षा करून गेली.

मी पुढच्या बसनं आले. पप्पांचं काम वाचलं. वाचलंच असणार. मग हायसं का वाटत नाही?

२९ जुलै

लॅबमध्ये आली. दुसऱ्या टोकाला बसली.

३० जुलै

विशाखा मॅडम जिन्यात भेटल्या. मला वाटलं बोलतील काहीतरी. फक्त विचारलं, शांभवी बरी आहे ना. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, तिच्यामुळं वर्गात मजा यायला लागली होती, प्रश्न फार विचारायची. आता आकडा परत खाली गेलाय. शुक्रवारपर्यंत बदल करता येतात, मग प्राचार्य ठरवतील.

मला पाली घे म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी घरी आल्या तेव्हा पण नाही म्हणाल्या, आत्ता लक्षात आलं. चहा निम्मा ठेवून गेल्या, पण घे म्हणाल्या नाहीत.

३१ जुलै, गुरुवार

कॉलेजातून आले तर पप्पा घरात. भर दुपारी. अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून कॉटवर बसलेले. मी घाबरले, म्हटलं भाजलं की काय. तर म्हणाले, "काय झालं न्हाई. काम सोडून आलोय."

आई अंगणवाडीतलं काम उरकून आली तेव्हा सगळं सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकत होते.

सकाळी काकांनी त्यांना ऑफिसात बोलवून घेतलं. खुशीत होते. पोरगी परत आयटीत गेली, तुम्ही समजावलंत, बरं केलंत, असं म्हणाले. पप्पांना काही कळेना. कारण त्यांनी कुणालाच समजावलं नव्हतं! चार दिवस ते मनाशी जुळवत होते काय बोलायचं ते. आणि काकांनी आधीच आभार मानले. तेव्हा पप्पा बोलले.

"मी म्हटलं, मालक, तुमची पोरगी सहा वर्षं माझ्या घरात जेवली. तवा आमच्यात-तुमच्यात नव्हतं. एका पुस्तकानं आलं व्हय? त्ये म्हणाले, गणपती, घर आणि काम एकत्र करू नको. मी म्हटलं, मग त्या दिवशी तुम्ही माझ्या घरला कशाला आलासा?"

 काका जा असं म्हणाले नाहीत. पप्पांनीच हातमोजे काढून टेबलावर ठेवले. उद्यापासनं येत न्हाई म्हणाले आणि निघाले.

आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली.  आणि मला सांगावंच लागलं. मी सांगितलं की मीच शांभवीला परत पाठवलं. तुमच्या कामासाठी.

पप्पा माझ्याकडं बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला इचारायचं तरी हुतंस, बाळा," एवढंच म्हणाले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी कॉलेजच्या आधी शांभवीच्या घरी गेले. बंगल्याच्या गेटातच भेटली, निघाली होती. तिला म्हटलं, पप्पांनी काम सोडलं. तुझ्या बाजूनं बोलून सोडलं. आता तू परत घेऊ शकतेस, माझ्याकडून काही नाही. आज शेवटचा दिवस आहे.

तिला पप्पांचं माहीत नव्हतं. हातातली पिशवी खाली ठेवली. डोळे भरले तिचे. मला वाटलं गळ्यात पडेल. पण म्हणाली, "आमचे पप्पा सांगतात सोड. तू सांगतीस सोड. आता तूच सांगतीस घे. मला कोण इचारणार हाय का न्हाई?"

 खिडकीत बाळासोंनी मला न विचारता लिहिलं तेव्हा मी किती तणतणले होते. आणि मी तिला काय केलं? तेच. तिच्या भल्यासाठी पण नाही, माझ्या भीतीपोटी.

ती बसनं गेली नाही. घरात परत गेली.

मी एकटीच बसमध्ये. सगळा रस्ता विचार करत होते — मला काय पाहिजे? आईला पाहिजे ते नाही, मॅडमना पाहिजे ते नाही, बाळासोंना चुकीचं ठरवायला पाहिजे ते पण नाही. त्यांनी लिहिलं म्हणून मी खोडलं होतं. म्हणजे तेव्हा तरी मी कुठं निवडलं होतं? मला फक्त उभं राहायचं नव्हतं, आठवीसारखं, सगळ्यांच्या देखत.

आणि फळ्यावर तो "अज्ज" शब्द बघितला तेव्हा मी पण मनातल्या मनात "आज" म्हणून ओरडले होते. ते इथं लिहिलं नाही मी त्या दिवशी. हसल्याचं लिहिलं, ते नाही.

खिडकीत गेले. पाली लिहा म्हटलं. बाळासो चष्म्यावरनं बघत राहिले. म्हणाले, मी पयलंच लिहिलंतं की. मी म्हटलं, हो काका, पण तेव्हा मी सांगितलं नव्हतं.

आकडा भरला की नाही ते विचारलं नाही.

२ ऑगस्ट

माझा पालीचा पहिला तास. वर्गाच्या मागं जुनी बाकं रचून ठेवलेली, एक ट्यूब बंद. मॅडमनी हजेरीत माझं नाव वाचलं आणि पुढचं नाव वाचलं. मला ते आवडलं. प्राचार्यांनी यंदापुरता वर्ग ठेवलाय, असं मुलं म्हणत होती.

राजवीरनं जिन्यात विचारलं, गेलीस का शेवटी भिंतीवर? म्हटलं, हो, गेले. 

घरी आईला सांगितलं. आई "बरं" म्हणाली. हा वेगळा होता.

पण पप्पा दोन दिवस हिंडतायत. गोकुळ शिरगावला कुणीतरी ओळखीचे आहेत, तिथं गेलते. या वयाला नवीन माणूस कोण घेतो, असं ते आईला म्हणाले, मी नाही असं समजून. आज आल्यावर नुसतं पाणी प्यायले आणि पडून राहिले. दुपारी असं पडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. दार लोटून घेतलं मी हळूच.

शांभवीचा फोन बंद. कॉलेजला पण आली नाही.

३ ऑगस्ट

आज पण फोन बंद. तिच्या गेटापर्यंत गेले आणि परत आले. अज्जी व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांनी हात केला. मीही केला. आत जायचं धाडस झालं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

शांभवी पालीच्या तासाला आली. मुदत संपलेली, पण प्राचार्यांना स्वतः अर्ज देऊन आली होती म्हणे. माझ्या शेजारी जागा होती. तिथं बसली नाही, मागं गेली. मॅडमनी शेवटचं नाव म्हणून तिचं नाव वाचलं.

कॉलेज सुटल्यावर गेटाबाहेर सोमशेखरकाकांची गाडी उभी. शांभवी मागं जाऊन बसली. मी बसकडं चालले होते, तर काका उतरून समोर आले. दाढी वाढलेली. आधी कॉलेज कसं चाललंय विचारलं. मग म्हणाले, "तुझे पप्पा घरात हाईत का?"

मी म्हटलं, आहेत.

शांभवीनं आतून गाडीचं दार उघडलं आणि पलीकडं सरकली.